वाद्यवृंद आणि निकालपत्र

मार्गशीर्ष सरून पौषाची थंडी पडू लागली, म्हणजे ज्या घरात दहावीचे मूल आहे त्या घरात एकाच वेळी दोन पंचांगे चालू लागतात. एकात पूर्वपरीक्षा, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके आणि मंडळाची मुख्य परीक्षा यांच्या तिथी मांडलेल्या असतात; दुसऱ्यात शाळेचे स्नेहसंमेलन, २६ जानेवारीचे संचलन आणि त्यांसाठी चाललेल्या वाद्यपथकाच्या तालमी. पहिले पंचांग वडिलांच्या टेबलावर असते, दुसरे मुलाच्या मनात. दोहोंचा मेळ बसविण्याचे काम बहुधा आईकडे येते, आणि ते करताना तिची जी ओढाताण होते तिची नोंद कोणत्याच निकालपत्रात होत नाही. या महिन्यात याच विषयाचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे, आणि तो करताना छत्रपती संभाजीनगर हे शहर डोळ्यांपुढे ठेविले आहे. २०२३ पर्यंत जे औरंगाबाद या नावाने ओळखले जात असे, तेच हे शहर. हेच का निवडले, याचा उलगडा पुढे होईलच.

उदाहरणादाखल एक घर कल्पावे. समर्थनगरात किंवा सिडकोच्या वसाहतीत ते सहज सापडेल. मुलगी दहावीत आहे आणि गेली तीन वर्षे शाळेच्या वाद्यपथकात बासरी वाजविते. सहामाहीचे गुण घरी आले, आणि गणितात अपेक्षेपेक्षा बारा गुण उणे पडले. वडिलांनी कागद दोनदा वाचला व जेवताना सांगून टाकिले की, उद्यापासून बँड बंद. मुलगी उलट बोलली नाही. तिने बासरी पिशवीत घातली व पिशवी कपाटावर ठेविली. दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला की, बासरीवाल्या पाचच मुली आहेत, त्यांतली एक गेली तर दोन गती बदलाव्या लागतील, आणि आता दिवस थोडे उरले आहेत. निरोप ऐकून आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कोणाची बाजू घ्यावी, हे तिला उमगेना. असले प्रसंग आज घरोघर घडत आहेत. त्यांत कोणी दुष्ट नाही आणि कोणी मूर्खही नाही, आणि म्हणूनच ते सोडविणे अवघड झाले आहे.

प्रथम वडिलांची बाजू नीट ऐकून घेणे न्यायाचे होईल. परीक्षेचे महत्त्व कमी लेखून कलेचे गोडवे गाणे हे व्याख्यानपीठावर शोभते, घरात चालत नाही. २०२५ साली दहावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. म्हणजे उत्तीर्ण होणे ही आता बातमी राहिली नाही. किती गुणांनी उत्तीर्ण झाला, एवढाच प्रश्न उरला. त्या वर्षी राज्यात २११ विद्यार्थ्यांस शंभरपैकी शंभर टक्के मिळाले. त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागाचे व ४० छत्रपती संभाजीनगर विभागाचे होते. म्हणजे ज्या मराठवाड्यास शिक्षणात मागासलेला म्हणून हिणविण्याची एके काळी चाल होती, त्याच्याच दोन विभागांनी या यादीचा जवळजवळ पाऊण हिस्सा व्यापिला. अशा स्पर्धेत जो बाप आपल्या मुलीचे बारा गुण मोजतो, त्यास कद्रू म्हणणे सोपे आहे. पण अकरावीच्या प्रवेशाच्या यादीत एकेका गुणाने नाव वर-खाली होते, हे त्याने पाहिलेले असते. त्याची चिंता खरी आहे. तिच्यावर त्याने काढलेला उपाय योग्य आहे किंवा नाही, एवढाच काय तो प्रश्न.

वेळापत्रकाचा पेचही काल्पनिक नाही. २०२५ साली दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीस सुरू झाली. प्रजासत्ताक दिन आणि तो दिवस यांमध्ये अवघे २६ दिवस येतात. शाळांची स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत भरतात; संत एकनाथ रंगमंदिर किंवा संत तुकाराम नाट्यगृह यांच्या तारखा त्या दिवसांत सहजासहजी मिळत नाहीत. राष्ट्रीय पातळीवर शालेय बँडच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांची अंतिम फेरीही २०२५ साली जानेवारीतच दिल्लीस झाली. याच जानेवारीत पूर्वपरीक्षा असते. तेव्हा सगळी ओझी एकाच महिन्याच्या खांद्यावर पडावीत, अशी रचना आपणच करून ठेविली आहे. दोष मुलाच्या आवडीचाही नाही व वडिलांच्या धाकाचाही नाही. निदान अर्धा दोष दिनदर्शिकेचा आहे, आणि दिनदर्शिका माणसांनी केलेली असल्यामुळे माणसांस ती बदलता येते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. वाद्यपथकात मूल नेमके काय शिकते, याची कल्पना पुष्कळ पालकांस नसते. पांढरे कपडे, खांद्यावर पट्टा आणि पुढे छडी फिरविणारा नायक, एवढेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः पथकात प्रत्येकाचे काम अगदी वेगळे आहे. बास ड्रमचा ठोका डाव्या पावलावर पडला पाहिजे. तो चुकला तर चालणाऱ्या साऱ्या रांगेचा पाय चुकतो. साइड ड्रमने त्या ठोक्यामधील जागा भरावयाची असते. बिगुलास स्वर थोडे, परंतु ते अचूक ओठाने काढावे लागतात; थंडीच्या सकाळी ओठ सुकले की पहिला स्वर फाटतो. बासरीने गत वाहावयाची असते, आणि झांजेने फक्त जागा दाखवावयाची असते. झांज वाजविणाऱ्या मुलास बारा मात्रा गप्प उभे राहून तेराव्या मात्रेवर एकदाच हात मारावा लागतो. गप्प राहून मोजीत राहणे हे काम मोठ्या माणसांसही साधत नाही.

या शास्त्राचा उगम शोधण्यास विलायतेस जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगराहून सुमारे १५ किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असताना शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे त्याचे सात अध्याय आहेत, आणि उत्तर व दक्षिण या दोन्ही संगीतपद्धतींचे पंडित आजही त्यास प्रमाण मानितात. त्यातील प्रकीर्णकाध्यायात शार्ङ्गदेव वृंदाचा, म्हणजे गाणाऱ्या-वाजविणाऱ्या समूहाचा, विचार करितो. उत्तम वृंदात किती माणसे असावीत याचा त्याने हिशेबच दिला आहे: मुख्य गायक चार, त्यांस साथ करणारे आठ, गायिका बारा, बासरीवाले चार आणि मृदंगवादक चार, मिळून बत्तीस. आपल्या शाळांतील चांगल्या पथकाची संख्याही साधारण एवढीच भरते, हे पाहून कौतुक वाटते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे चांगल्या वृंदाचे गुण कोणते, हेही त्याने सांगितले आहे. मुख्याच्या मागे जाता यावे. सर्वांचा नाद एकात मिळून जावा. तालाची चाल सोडू नये. मंद्र, मध्य व तार या तिन्ही स्थानांत फिरण्याची ताकद असावी. आवाज एकमेकांसारखे असावेत. आणि एकाचे कोठे तुटले तर दुसऱ्याने ते सावरून घ्यावे. या सहा गुणांतील शेवटच्या गुणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधितो. कोणाचे तुटणारच नाही, अशी अपेक्षा या आचार्याने धरिली नाही. तुटणार हे गृहीत धरून, ते सावरणे हा समूहाचा गुण आहे, असे त्याने लिहून ठेविले.

आणि याच ठिकाणी परीक्षा व वाद्यवृंद यांचा खरा भेद दिसून येतो. परीक्षेच्या दालनात प्रत्येक मूल एका बाकावर एकटे असते. शेजाऱ्याचे उत्तर तुटले असता ते सावरणे हा तेथे गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असावा हेच योग्य आहे; नाहीतर परीक्षेस अर्थ उरणार नाही. परंतु जन्मभर माणसास काही एकट्याने बाकावर बसावयाचे नसते. संसारात, कचेरीत, इस्पितळात, प्रयोगशाळेत, एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरातसुद्धा, कोणाचे ना कोणाचे रोज तुटत असते आणि दुसऱ्याने बोभाटा न करिता ते सांधावे लागते. हा धडा ज्या शाळेत मिळावयाचा, तेथे तो गणिताच्या तासाला मिळत नाही. तो क्रीडांगणावर मिळतो आणि वाद्यपथकात मिळतो. परीक्षा एकट्याचे बळ मोजते व वृंद समूहातील वागणूक घडवितो. यांतील एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. म्हणून ‘आधी परीक्षा, मग कला’ हे सूत्र ऐकावयास शहाणपणाचे वाटले, तरी त्यात एक गफलत आहे. पंधराव्या वर्षी तीस सोबत्यांबरोबर पाऊल टाकण्याची संधी पंचविसाव्या वर्षी पुन्हा येत नाही.

कोणी म्हणेल, शार्ङ्गदेवासारख्या पंडितास हे ठीक; त्यास पोटाची चिंता कोठे होती? तर त्याचा व्यवसाय ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला हा पुरुष यादवांच्या दरबारी हिशेबखात्याचा अधिकारी होता. दिवसा राज्याची जमाबंदी पाहणारा आणि त्याच बुद्धीने श्रुती मोजणारा असा तो गृहस्थ होता. अलीकडचे उदाहरण हवे असल्यास विष्णु नारायण भातखंडे यांचे पाहावे. विद्यार्थिदशेतच त्यांनी सतार शिकण्यास आरंभ केला. १८८४ साली मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत ते दाखल झाले, १८८५ साली बी. ए. झाले आणि १८८७ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. मंडळीचे गाणे आणि महाविद्यालयाची परीक्षा यांत त्यांस अवघ्या एका वर्षाचे अंतर मिळाले. पुढे त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत चार भागांत लिहिली, तीत कायद्याचा अभ्यास केलेल्या माणसाची शिस्त पानोपानी दिसते. या थोरांची नावे घेऊन प्रत्येक मुलाकडून तशी अपेक्षा करावी, असे आमचे म्हणणे नाही. भातखंडे एकच झाले. एवढेच दाखवावयाचे आहे की, हिशेब आणि स्वर ही एकमेकांची हाडवैरे आहेत, ही समजूत निराधार आहे.

या प्रसंगी आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते. निकाल उणा आला म्हणजे वाद्य प्रथम कोणाच्या हातून काढून घेतले जाते? त्याच घरात मुलगा क्रिकेट खेळत असेल तर त्याचे खेळणे तासाभराने कमी होते. मुलीचे वाजविणे मात्र अजिबात बंद होते. संध्याकाळी उशिरा तालमीहून परतण्याची काळजी हे कारण सांगण्यात येते, आणि ती काळजी खोटी नाही. परंतु तिच्यावर उपाय तिला आणावयास जाणे हा आहे, बासरी कपाटावर ठेवणे हा नव्हे. ज्यांस मुलींचे वादन ही नवी टूम वाटत असेल, त्यांनी एखाद्या रविवारी विद्यापीठामागील डोंगरातील औरंगाबाद लेणी पाहून यावीत. तेथील सातव्या क्रमांकाच्या लेण्यात एक नर्तकी कोरलेली असून तिच्या दोन्ही अंगांस बसलेल्या सहा स्त्रिया वाद्ये वाजवीत आहेत. या शिल्पाचे वय सुमारे चौदाशे वर्षे आहे. सातही जणींच्या चेहऱ्यांवर एकाग्रता आहे, आणि त्यांतील एकीसही कोणी मधूनच उठवून नेले नाही.

आता ज्या कारणासाठी आम्ही या शहराची निवड केली, ते सांगतो. एकत्र गाणे आणि परीक्षा यांतून एकाची निवड करण्याची पाळी या शहरातील विद्यार्थ्यांवर एकदा खरोखरीच आली होती. १९३८ सालची ही गोष्ट. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. उच्च शिक्षण उर्दूतून चाले. मराठीच्या शिक्षणासाठी येथील मंडळींनी १९१५ साली सरस्वती भुवन ही शाळा काढिली होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये येथील सरकारी इंटरमीजिएट महाविद्यालयाच्या वसतिगृहात विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. ते म्हणू नये असा हुकूम निघाला. मुलांनी तो मानिला नाही व संप केला. ही ठिणगी हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात पोहोचली, आणि तेथील वसतिगृहांतही तोच प्रकार झाला. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली. वर्ष बुडाले, शिष्यवृत्त्या गेल्या, आणि संस्थानात पुढे शिकण्याचे मार्ग बंद झाले.

या मुलांच्या घरी त्या दिवसांत काय बोलणी झाली असतील, याची कल्पना करावी. बहुतेक घरे सामान्य स्थितीची. मुलाने दोन वर्षांत परीक्षा देऊन नोकरीस लागावे, एवढ्यावर घरच्यांनी आशा लाविलेली. एका गाण्यापायी हे सर्व सोडावयाचे? आणि तरीही त्या मुलांनी ते सोडिले. त्यांच्या पाठीशी प्रथम कोणतेही विद्यापीठ उभे राहिले नाही. अखेर नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांस प्रवेश देण्याचे धैर्य दाखविले, व मुले नागपुरास गेली. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, संस्थान मुक्त झाले. आज त्या दिवशी शहरात ध्वजारोहण होते, आणि शाळांतील मुले ढोल-बिगुल घेऊन त्यात सामील होतात. आपण वाजवितो त्या चालीची किंमत आपल्याच गावातील मुलांनी एकदा आपल्या परीक्षेने चुकविली होती, हे त्यांतील कितींस ठाऊक असेल?

शाळेच्या संमेलनाची तुलना त्या सत्याग्रहाशी करणे हास्यास्पद होईल, आणि आम्ही ती करीत नाही. परंतु त्या इतिहासातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, पंधरा ते वीस वर्षांच्या मुलांस एकत्र म्हणण्या-वाजविण्यात जे मिळते ते केवळ करमणूक नव्हे. त्यास ती आपल्या मानाचा भाग समजतात, आणि आपण ते काढून घेतो तेव्हा आपण काय काढून घेत आहोत हे आपल्या ध्यानात नसते. दुसरी ही की, त्या मुलांची वर्षे वाचली ती त्यांच्या हट्टाने नव्हे, तर एका वडीलधाऱ्याने दार उघडल्यामुळे. गाणे की परीक्षा असा पेच मुलांपुढे उभा करून ‘निवड तू कर’ म्हणणे सोपे असते. पेच मोडून दोन्हींस वाट करून देणे, हे वडीलधाऱ्यांचे काम आहे. १९३८ साली राज्यसत्तेने उभा केलेला पेच एका कुलगुरूंस मोडता आला. तर वेळापत्रकाने उभा केलेला पेच शाळा व पालक यांस मोडता येऊ नये काय?

हल्ली या प्रश्नावर एक नवाच तोडगा निघाला आहे, त्याविषयी दोन शब्द. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, चित्रकला, लोककला व क्रीडा यांत प्रावीण्याचे प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या विद्यार्थ्यास वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला आहे, आणि खेड्यातील एखाद्या शाहिराच्या मुलास त्याचा आधार मिळाला तर आनंदच आहे. परंतु मध्यम स्थितीच्या घरांत याचा परिणाम असा होऊ लागला आहे की, तबल्याचा वर्ग लाविण्यापूर्वी ‘यास गुण किती?’ असा प्रश्न विचारिला जातो. संगीतात परीक्षा आणिल्या त्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेने. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आणि पुढे १९३१ साली निघालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिकापासून अलंकारापर्यंत पायऱ्या बांधिल्या. घरंदाज मुलामुलींस गाणे शिकण्याची लाज वाटू नये, गाण्यास विद्येचा दर्जा मिळावा, हा त्यांचा उद्देश होता. परीक्षा गाण्यासाठी होती. आता गाणे परीक्षेसाठी होऊ पाहत आहे. आमच्या उदाहरणातील मुलीच्या वाद्यपथकास तर असे प्रमाणपत्रही नसते. पाच बासऱ्यांतील एक बासरी वाजविल्याबद्दल कोणी गुण देत नाही. म्हणूनच त्या घरात ती बासरी सर्वांत आधी कपाटावर गेली.

आता व्यवहाराचे बोलू. केवळ तत्त्व सांगून थांबणे हे या सदराच्या रीतीस धरून होणार नाही.

पहिली सूचना पालकांस. तालमीचा वेळ एकदा कागदावर मांडावा. दिवाळीच्या सुटीनंतर २६ जानेवारीपर्यंत साधारण दहा आठवडे मिळतात. आठवड्यातून चार दिवस, रोज सव्वा तास धरिला, तर आठवड्याचे पाच व एकूण पन्नास तास झाले. दहा आठवड्यांत मूल जागे असते ते सुमारे एक हजार पन्नास तास. त्याचा विसावा हिस्साही तालीम खात नाही. बारा गुण उणे पडले ते या विसाव्या हिश्श्यामुळे की उरलेल्या एकोणीस हिश्श्यांतील कशामुळे, हे शांतपणे पाहावे. पुष्कळदा कारण वेगळेच निघते: आठवीतील अपूर्णांक कच्चे राहिलेले असतात, दोन-दोन शिकवण्यांच्या धावपळीत घरी स्वतः गणित सोडविण्यास वेळच उरलेला नसतो, किंवा हातातील फोनने संध्याकाळ खाल्लेली असते. बासरी बंद केल्याने यांतील एकही दुखणे बरे होत नाही. ते केल्यासारखे मात्र वाटते.

दुसरी सूचना निर्णयाच्या वेळेविषयी. दहावीच्या वर्षी मुलाने पथकात राहावे किंवा न राहावे, हे जूनमध्ये शाळा उघडताना ठरवावे. तेव्हा ‘यंदा नको’ असे वडिलांनी म्हटले, तर त्यात अन्याय नाही; शिक्षकांस दुसरे मूल तयार करण्यास सहा महिने मिळतात. परंतु एकदा होकार दिल्यावर पौषात माघार घेणे योग्य नव्हे. तो होकार केवळ मुलीने दिलेला नसतो, घराने दिलेला असतो, आणि तो एकोणतीस इतर घरांस दिलेला असतो. बारा गुण पुढच्या परीक्षेत भरून निघतील. दिलेला शब्द अडचणीच्या वेळी मोडता येतो, हा धडा मात्र एकदा मुलाने घरातच घेतला, की तो कोणत्याही परीक्षेने पुसला जात नाही.

तिसरी सूचना शाळांस. दहावीच्या मुलांचा भाग दिवाळीपूर्वी बसवून घ्यावा आणि जानेवारीत फक्त उजळणी ठेवावी. स्नेहसंमेलन डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकण्यास फारशी अडचण नसते. नाट्यगृहाची तारीख तेवढी लवकर धरावी लागते. प्रत्येक जागेसाठी नववीतील एक मूल जोडीस तयार करावे. शार्ङ्गदेवाने सांगितलेला सावरून घेण्याचा गुण शाळेच्या व्यवस्थेतही असला पाहिजे. कोणी खरोखरच आजारी पडले, तर त्या मुलावर अपराधाचे ओझे येऊ नये. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात तालीम अजिबात घेऊ नये. आणि वाद्यपथकाच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी पालकांस तालमीस बोलवावे. एक तास तेथे उभे राहिलेला बाप घरी जाऊन ‘बँड बंद’ असे सहसा म्हणत नाही.

चौथी सूचना विद्यार्थ्यांस. वाद्याची ढाल करून अभ्यासातून अंग काढू नये. ज्याने दोन्हींस होकार दिला, त्याने दोन्हींचा हिशेब द्यावयाचा आहे. तालमीहून आल्यावर थकलो म्हणून पुस्तक न उघडणारा मुलगा आपल्या पथकाचेच नाव खराब करितो, कारण पुढच्या वर्षी त्याचे उदाहरण दाखवून दुसऱ्या कोणाच्या तरी हातातील बिगुल काढून घेण्यात येतो. बारा मात्रा मोजीत गप्प उभे राहण्याची जी सवय झांजेने लाविली, तीच गणिताच्या कागदावर उपयोगी पडते. तिचा उपयोग करावा. आणि काही अडचण असेल, तर ती सहामाहीच्या निकालाने घरच्यांस कळण्यापूर्वी आपण होऊन सांगावी.

राहता राहिली आमच्या उदाहरणातील ती आई. तिने काय करावे? आमच्या मते तिने नवऱ्याशी वाद घालू नये व मुलीची समजूतही काढू नये. वरील हिशेबाचा कागद तिने दोघांपुढे ठेवावा. गणिताची उत्तरपत्रिका मागवून घेऊन बारा गुण नेमके कोठे गेले, ते तिघांनी मिळून पाहावे. जे कच्चे निघेल त्यास रोज अर्धा तास नेमावा, आणि तो अर्धा तास वडिलांनी मुलीजवळ बसावे. कारण ज्यास गुणांची चिंता आहे त्याने गुणांसाठी वेळही द्यावा, हे रास्त आहे. एवढे ठरले म्हणजे कपाटावरील पिशवी तिने स्वतःच खाली काढावी. बासरी बरेच दिवस पडून राहिली, तर वेळूस कोरड येते व स्वर बिघडतो. दुसऱ्या दिवशीच्या तालमीपूर्वी ती एकदा वाजवून पाहिलेली बरी.